व्यसनांची होळी आणि भाजलेली तंबाखू

आमच्या गावात मिसरीचा पहिला कारखाना मी काढला, आणि तोही व्यसनमुक्तीसाठी!

दुष्काळाचं साल होतं. लोहाऱ्याजवळच्या एका हायस्कुलात मी नवा मास्तर. नोकरी कायम नव्हती, म्हणून आई शाळेशेजारी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मला ते बघवत नसे. तपासणीला साहेब येणार होते. ते खूश झाले की मी कायम, आणि आईची खडी सुटणार!

नववी-दहावीची पोरं मैदानामागं तंबाखू मळायची आणि पुडीवरून एकमेकांची डोकी फोडायची. मी 'व्यसनांची होळी' जाहीर केली. घरातली तंबाखू आणायची, जाळायची आणि 'व्यसन नाही, मारामारी नाही' अशी शपथ घ्यायची.

पोरांनी घरं धुंडाळून तंबाखू आणली, पोतं भरलं! (त्यात आमच्याही घरचा पुडा होता. आई तंबाखू भाजून तिची मिसरी दातांना लावायची. व्यसन म्हटलं की, "दातवण हाय त्ये!" म्हणून माझ्यावरच डाफरायची.)

पण दुष्काळात होळीला लाकूड कुठलं? मग मी डोकं लढवलं. कामावरची लोखंडी घमेली आणली, खाली चार-चार गोवऱ्या लावल्या आणि तंबाखू वर पसरली. तपासणीला आलेले साहेब समोर खुर्चीत बसले. तंबाखू काही पेटेना. नुसतीच धुमसत काळी होत गेली.

"हलवा रे, खालीवर करा!" मी ओरडलो.

वास खडीपर्यंत पोचला. बाया हातोडे टाकून धावत आल्या. सगळ्यांच्या पुढं पदर खोचून आमची आई!

"काय झ्याक भाजलीया रं!" तिनं चिमूट बोटावर चोळली. "मला तव्यावर अशी कधी जमली न्हाय."

"आई, ही होळी आहे!"

"व्हय, व्हय. आता उतरव खाली, न्हायतर करपंल."

मी घमेलं ओढलं, आईनं ओढलं, एका बाईनं आईचा पदर ओढला. पोरं खणखणीत आवाजात "मारामारी करणार नाही" म्हणत होती आणि त्यांच्या आया पटांगणात एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या!

साहेबांनी घमेल्यात डोकावून विचारलं, "मास्तर, तुमचा विषय कोणता?"

"नागरिकशास्त्र, साहेब."

"तो सोडा. कार्यानुभव घ्या!"

साहेब हसत हसत गेले आणि मला कायम करून गेले. आईची खडी सुटली. पोरांची तंबाखूही सुटली. माझ्या भाषणानं नव्हे; आया माझ्या पद्धतीनं मिसरी भाजायला लागल्या आणि घरात पोरांना मळायला कच्ची तंबाखू शिल्लकच ठेवीनात!