नितळ तळं

निघोज्याच्या वरच्या अंगाला दगडखाण होती आणि तिथलं पाणी सांभाळायचं काम चांदभाई बावीस वर्षं करत होते. खाणीतलं गढूळ पाणी चरातून तळ्यात आणायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि मगच पाणी ओढ्यात सोडायचं, एवढंच ते काम.

सुट्टीवरून ते परत येत होते, तर ओढ्याकाठी विहीर असलेल्या गोजाबाईनं राखाडी पाण्याचा हंडा पुढ्यात आदळला. "चांदभाई, ह्ये काय पाजताय आमाला?"

चांदभाई तडक खाणीवर गेले. चार दिवस झोडपणारा पाऊस, तरी तळं नितळ! ते चराकडे धावले. सुपरवायझर रणजीतनं चराच्या तोंडाशी मातीचा बांध घालून सगळा राडा थेट ओढ्यात काढून दिला होता.

"चाचा, गप बसा. आज तपासणी आहे, तळं स्वच्छ दिसायला पाहिजे," रणजीत म्हणाला.

चांदभाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तपासणीचे साहेब आलेच. "वा, काय छान ठेवलंय!" म्हणत त्यांनी फोटोसाठी मोबाइल काढला.

"सुपलीत कचरा नाही म्हणून घर झाडलंय असं समजता का, साहेब?" चांदभाई कडाडले. कुदळ उचलून त्यांनी बांधावर घाव घातले. राखाडी लोंढा तळ्यात घुसला आणि साहेबांचे बूट चिखलानं माखले.

"आता काढा फोटो," चांदभाई म्हणाले. "आत्ता कुठं तळं कामाला लागलंय."