नळाला बांधलेली तार

आमच्या गल्लीचा वायरमन कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचा. फ्रीज असो, पंखा असो, पत्र्याचं दार असो. आधी बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, मग सरळ हात. सवय इतकी मुरलेली की चहाचा कप पुढे केला तरी त्यालाही तो आधी तसाच शिवायचा. गल्लीत नवीन सून आली की तिला वाटायचं, या माणसाला काही आजार असावा. मला वाटायचं, भित्रा आहे. एकदा मी तोंडावर म्हटलंही. त्याला राग आला नाही.

"वैनी, करंट बसला की मूठ आवळती," तो म्हणाला. "सरळ हातानं धरलं असलं तर सुटत न्हाय. उलटा हात असला की मागं फेकला जातो. मी आदी भितो, मग हात घालतो. म्हणून अजून हाय."

गल्ली त्याला मामा म्हणायची. अंगानं काटकुळा, वरच्या खिशात टेस्टर, पायात उन्हाळ्या-पावसाळ्यात जाड रबरी तळाचे बूट. घरात शिरला की सगळ्यांना गप्प बसवायचा आणि बोर्डाजवळ कान नेऊन उभा राहायचा. आतून बारीक कुरकुर येते का ते ऐकायचा. मंगळवार पेठेत गप्प बसणारी माणसं कुठून आणायची? माझा नवरा मुद्दाम खोकायचा. "दादा, तुमचं खोकणं नंतर ऐकतो, आदी हे ऐकू द्या," असं मामा म्हणायचा आणि परत कान लावायचा.

आमच्या घरातलं वायरिंग त्यानंच केलं. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. भिंतीवरून लाकडी पट्ट्या, त्यातून वायर, दाराशेजारी काळी गोल बटणं आणि मीटरखाली चिनी मातीचे दोन फ्यूज. शेवटी तो परसात गेला आणि एक तार नळाच्या लोखंडी पाईपला गच्च आवळून बांधली. मी विचारलं, नळाला कशाला?

"नळ जमिनीत जातो की ओ. चुकून करंट वायर सोडून बाहेर आलाच, तर ह्या वाटेनं जमिनीत जाईल. तुमच्याकडं येणार न्हाय."

त्या काळी सगळे वायरमन असंच करायचे. खड्डा खणायला नको, खर्च नको. गल्लीत आमची एकवीस घरं. एकवीसच्या एकवीस नळांना मामानंच तार बांधली, आणि आम्ही ती विसरूनही गेलो. काही जणींनी तिच्यावर फडकी वाळत घातली.

पुढे ते लोखंडी पाईप गंजले. नळाला तांबडं पाणी यायला लागलं. धुतलेली पांढरी चादर चहात बुडवल्यासारखी दिसायची. मी मुलाला सांगून प्लास्टिकचा पाईप घालून घेतला. परसातला लोखंडी तुकडा आणि तोटी तेवढी ठेवली, बाकी रस्त्यापर्यंत प्लास्टिक. पाणी काचेसारखं आलं. मग मी घरोघर जाऊन बायकांना सांगितलं, बदला, बदला. कुणी टाळाटाळ केली तर चार शब्द ऐकवले. माझं तोंड गल्लीला माहीत आहे. सहा महिन्यांत सगळी गल्ली प्लास्टिकची झाली आणि मला वाटलं, आयुष्यात एक काम बरं केलं.

मामाला हे बऱ्याच उशिरा कळलं. वय झाल्यामुळे त्यानं कामं कमी केली होती. एका सकाळी तो दारात उभा राहिला. घाम आलेला, तोंड उतरलेलं.

"वैनी, पाईप बदललासा?"

"व्हय. बघा की, कसं पाणी येतंय."

"आणि माझी तार?"

"तार आहे तिथंच आहे. तिला कोण खातंय?"

तो परसात गेला, उकिडवा बसला आणि त्या तारेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "प्लास्टिकातनं करंट जात न्हाय, वैनी. आता तार जमिनीत जात न्हाय. नळापतोर येतीया आणि थांबतीया. उद्या घरातलं एखादं मशीन गळालं, तर करंट तोटीत येऊन बसणार. घरोघरी खड्डा खणून नवं अर्थिंग कराय पायजे."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर ऐकूनच घ्यायचं नव्हतं. पाईप मी बदलायला लावले होते. मी म्हटलं, "मामा, हातात काम न्हाय तर देवळात जाऊन बसा. लोकांची घरं कशाला खणायला निघालासा?"

"ती तार मी बांधलीया," तो म्हणाला. "मलाच सोडवाय पायजे."

मी दार लावून घेतलं.

त्यानंतर तो रोज यायला लागला. आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं. पाणी आलं की घरोघरी मोटरी सुरू होतात, बायका अनवाणी, ओल्या फरशीवर घागरी भरतात. त्याच वेळेला हा माणूस गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि ज्याचं दार उघडं दिसेल त्याला सांगायचा, जुनं वायरिंग काढा, नवं अर्थिंग करा. लोक हसायचे. पोरं त्याला अर्थिंगमामा म्हणायला लागली. कुणी म्हणालं, म्हातारपणी धंदा काढलाय. तो ऐकून घ्यायचा, पण जायचा नाही. पाणी जाईपर्यंत थांबायचा.

त्याच थंडीत माझी नात, पाच वर्षांची, एकदा परसातून रडत आली. "आज्जी, नळ चावतोय."

मी म्हटलं, पाणी गार आहे, हात धुवायचे नाहीत म्हणून नाटकं करतेस. तिला धरून परत नळाशी नेलं आणि हात धुवायला लावले. माझ्या पायात चप्पल होती. मला काही लागलं नाही. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नव्हती. आता लिहिते आहे.

पुढच्याच आठवड्यात बंडाची म्हैस गेली. बंडा आमच्यापासून चौथ्या घरात. दारातच गोठा, दोन म्हशी. सकाळी त्यानं मोटर लावून लोखंडी पिंपात पाणी सोडलं आणि आत चहाला गेला. म्हशीनं पाणी प्यायला तोंड घातलं आणि जागच्या जागी कोसळली. धप्प आवाज झाला, मी दारात आले. बंडाची बायको ओरडत म्हशीकडे धावली. दोन हात अंतर राहिलं असेल.

"शिवू नगंस! मागं हो!"

मामाचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ती दचकून थांबली. तो तिच्या अंगावरून गोठ्यात घुसला आणि खिशातल्या फडक्यानं भिंतीवरचं मोटरचं मेन बटण खाली ओढलं. मग तिथंच, शेणात बसला. त्याचे दोन्ही हात थरथरत होते. ते हात नंतर कधी नीट थांबले नाहीत.

बंडा बाहेर येऊन म्हशीच्या अंगावर पडून रडायला लागला. "मामा, म्हस गेली की ओ. चार दिवसांनी व्यायची होती."

"म्हशीवर निभावलं, बंडा," मामा म्हणाला. "बायकू बग तुझी. ती उभी हाय."

मोटरीतून करंट गळत होता. तो तारेनं नळात आला, नळातून पिंपात. जमिनीत जायला वाट नव्हती, त्याला म्हैस सापडली. मी तिथून घरी आले. नात परसात दात घासत होती. तिला मी दंडाला धरून इतक्या जोरात ओढली की ती माझ्यावर दोन दिवस रुसली.

मी मामाला बोलवायला गेले. तोच म्हणाला, "चला." मागचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

परसात येऊन त्यानं टेस्टर तोटीला लावला. टेस्टरात बारीक तांबडा दिवा लागला. पाणी येणाऱ्या तोटीवर दिवा. कपडे धुवायचं मशीन थोडं थोडं गळत होतं, त्याचा करंट तिथं येऊन बसला होता. आणि मी तिथंच पोरीचे हात धरून धुतले होते.

मग त्यानं फ्यूज ओढून काढला आणि मला विचारलं, "ही तार कुणी घातली?"

"मी."

"एवढी जाड?"

"सारखा उडत होता. मिक्सर लावला की उडायचा. म्हणून घरातल्या एका वायरीची जाड तार काढून घातली. चार वर्षं झाली, एकदाही उडला न्हाय."

तो स्टुलावरून खाली उतरला आणि फरशीवर बसला. "वैनी, फ्यूज उडायसाठीच असतोय. त्यो उडला तर तुम्ही ऱ्हाता. तुम्ही त्याला उडू दिला न्हाय, मग वायरी जळणार की ओ." आणि एक लाकडी पट्टी उचकटून दाखवली. आतल्या वायरीचं रबर हात लावताच भुगा होऊन पडलं. उघडी तार पट्टीला चिकटलेली आणि लाकूड कोळशासारखं काळं. ती पट्टी माझ्या अंथरुणाच्या उशाला होती.

आठ दिवस काम चाललं. त्याच्या हाताला कंप होता, स्क्रू धरवत नव्हता. मी बॅटरी धरायची, स्क्रू बोटात धरून जागेवर टेकवायचा, तो पिळायचा. "जरा हिकडं. हितं न्हाय, हिकडं. तुमास्नी डोळं हायती का बटणं?" असं तो माझ्यावर खेकसायचा. माझ्यावर कुणी खेकसलेलं मी सहन करत नाही, पण ते केलं. जुन्या पट्ट्या गेल्या, नळीतून नवी वायर आली. फ्यूजच्या जागी आपोआप पडणारी बटणं आली. त्यातलं एक असं, की करंट जरा कुठं गळला की क्षणात सगळं घर बंद. अर्थिंगचा खड्डा त्यानं पुढच्या दारी तुळशीच्या कट्ट्याला लागून खणायला लावला. तांब्याचा पाईप, भोवती कोळसा आणि मीठ.

"हितंच का?" मी विचारलं.

"खड्डा ओला पायजे. तुळशीला रोज पाणी घालतासा. तांब्याभर हिकडं घाला. नुसत्या खड्ड्याला सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी तुम्ही विसरला असतासा."

असं एकेक करत त्यानं वीस घरं केली. नंतर नंतर तो नुसता खुर्चीवर बसून दुसऱ्या वायरमनला सांगायचा आणि काम झालं की टेस्टर मात्र आपल्या हातानं लावून बघायचा. तोटीला लावलेला टेस्टर विझलेला दिसला की त्याचे खांदे जरा खाली यायचे.

राहिलं एक. गल्लीच्या टोकाचं, माझ्या समोरचं. त्याचा मालक जयसिंगपूरला असतो आणि घर भाड्यानं देतो. मामा तिथं किती वेळा गेला याला गणती नाही. मालक म्हणाला, दोन वर्षांत घर पाडायचंच आहे, त्याला आता वायरिंग कशाला. ती दोन वर्षं कधीच होऊन गेली. भाडेकरू बदलले, घर तसंच.

मामाचा कंप वाढला. भात ताटात कमी आणि मांडीवर जास्त सांडायला लागला, तेव्हा लेकीनं त्याला कबनूरला नेलं. जायच्या दिवशी तो रिक्षात बसला आणि मला हाक मारली. मला वाटलं, निरोपाचं काही बोलेल.

"वैनी, तेवढं एक घर बगा."

नंतर त्याचा फोन यायचा. तब्येत कशी आहे, असं मी विचारलं की म्हणायचा, "ते सोडा. टोकाच्या घराचं काय झालं?" मी खोटं बोलू शकले असते. झालं म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं झोपला असता. पण टेस्टर लावून बघितला का, असं त्यानं विचारलं असतं, आणि मला ते निभावता आलं नसतं. मी म्हणायचे, न्हाय झालं. तीन महिन्यांपूर्वी तो गेला. लेकीचा फोन आला तेव्हा मी भाकरी करत होते. तवा उतरवला आणि तशीच समोरच्या घरी गेले.

आता तिथं एक तरुण जोडपं राहतं. बाई गरोदर आहे. मी तिला म्हशीपासून सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं, आणि हळूच म्हणाली, "आज्जी, मालकांना तेवढं सांगू नका. घर सोडा म्हणतील. ह्या दिवसांत कुठं जायचं?" मालकाला मी तरीही फोन केला, तिचं नाव न घेता. तो म्हणाला, "आज्जी, चाळीस वर्षांत काय झालं न्हाय. तुमी कशाला डोक्याला ताप करून घेतासा?" दुसऱ्यांदा केला तेव्हा त्यानं उचलला नाही. माझ्या मुलानं तिच्या नवऱ्याला सांगून बघितलं. तो हो म्हणाला, आणि अजून हो म्हणतो आहे.

सकाळी सहाला पाणी येतं. समोरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की मी दारात येऊन बसते. घागर ठेवल्याचा आवाज येतो, मग दुसरी, मग बादली. मध्येच आवाज थांबला की मी उठून उभी राहते. सून म्हणते, आत्या, चहा गार होतो. होऊ दे. मोटर बंद होते, ती बाई दारात येऊन अंगणात पाणी शिंपडते, मग मी आत जाते.