भामाबाईंचा पुरा डाव

आमच्या पुंडलिकनगरात भामाबाई भाकरीसाठी प्रसिद्ध. त्यांना बुद्धिबळ येतं हे फक्त मला माहीत होतं. म्हणजे अख्ख्या गल्लीला.

गंगापूरला त्यांचे वडील पिंपळाच्या पारावर खेळायचे. ते चहाला उठले की ही पोर त्यांच्या जागी बसायची. दहा-बारा चाली होतात न होतात तोच घरातून हाक, "भामे, चूल." लग्नानंतर हाक मारणारे तेवढे बदलले. अठ्ठावन्न वर्षांत एकही डाव शेवटाला गेला नाही. "एकदा मात होईस्तोवर बसायचंय. माझी होवो, नायतर समोरच्याची," त्या म्हणायच्या. म्हणून चिकलठाण्याच्या स्पर्धेत मीच त्यांचं नाव घातलं.

समोर आले वहाबभाई. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बसल्या बसल्या स्पर्धेचं घड्याळ कानाला लावून पाहिलं.

भामाबाईंनी राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं. पुढच्या चालीला शेजारचं, तेही एकच. बाकीच्या टेबलांवर पहिल्याच चालीला प्यादी दोन-दोन घरं पळत होती. आमच्या देशी खेळात प्यादं असं पळत नाही, आणि बाईंचा हात अजून गंगापुरातच होता.

"आमचे अब्बा असंच खेळायचे, ताई," वहाबभाई हळूच म्हणाले आणि त्यांनीही एकच घर सरकवलं.

मग पंखा सावकाश, प्यादी सावकाश. दोघं पाण्याखाली बसल्यासारखे. पटावर पिंपळाची सावली हलताना मला दिसली. आता मला काय, काहीही दिसतं.

तेवढ्यात माझ्याकडं ठेवलेला बाईंचा मोबाइल थरथरला. त्यांचे यजमान, बद्रीनाथभावजी. मी बाहेर पळाले.

"कुठंय ही? जेवायचं काय?"

"भावजी, तुमच्या बाईंचा राजा लई अडचणीत आहे."

"मी तर घरीच आहे."

"मग खिचडी टाका," म्हणून मी मोबाइल बंदच केला.

आत आले तर वहाबभाई हात पुढं करून म्हणत होते, "बरोबरीत सोडू, ताई. घरी वाट बघत असतील."

"नको भाऊ. शेवटपर्यंत जाऊ."

त्यानंतर अकराव्या चालीला वहाबभाईंच्या घोड्यानं मात दिली. मला वाटलं, बाई आता डोळ्याला पदर लावतील. त्या जागच्या हलल्या नाहीत. कोंडलेल्या राजाभोवतीची घरं बोटानं चाचपत राहिल्या. इथं नाय. इथं नाय. इथं बी नाय.

"आता खरंच कुठं जायचं नाय त्याला," त्या इतक्या निवांत म्हणाल्या, की सोंगट्या आवरायला पुढं केलेला हात वहाबभाईंनी मागं घेतला.