चाकाच्या फळीची खंडेनवमी

मी पस्तिशीचा आहे आणि स्केटबोर्ड चालवतो. आमच्या नालवाडीत हे सांगितलं की समोरचा आधी माझ्या टकलाकडे बघतो, मग विचारतो, "पोराचा काय?" पोराचा नाही बाप्पा, माझाच. अकरावीत असताना मावसभावानं टाकून दिलेला उचलून आणला, तेव्हापासून सोडलेला नाही. सोबतीला दोन मित्र होते. एकाचं लग्नानंतर सुटलं, दुसऱ्याचं नोकरीनंतर. मी तेवढा राहिलो. "शिंगं मोडून वासरांत शिरला," म्हणतात लोक. म्हणू देत.

म्हणू देत म्हणतो खरा, पण लोकांसमोर मी कधी चालवला नाही. गावाबाहेर कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग आहे. हंगाम सरला की तिथलं सिमेंटचं मोठं आवार रिकामं पडतं. चौकीदाराशी ओळख काढली आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी एक तास तिथेच काढला. मग आंघोळ करून बाबांच्या दुकानात, शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारींचं वायंडिंग करायला.

यंदा श्रावणात त्याच आवारातल्या उतारावर आपटलो आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. "हात गेला तं वायंडिंग कोन करीन? मी किती दिस पुरनार?" बाबा एवढंच बोलले, आणि ते खरंच होतं. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी हात बरा झाला म्हणून सांगितलं, पण मन बरं झालं नव्हतं. तीन सकाळी मी उताराच्या माथ्यावर फळीवर एक पाय ठेवून उभा राहिलो आणि तसाच घरी आलो. स्वतःचाच इतका राग आला की विचारू नका.

दसऱ्याला जिनिंगमध्ये वजनकाट्याची पूजा होते, आणि त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत आवारात कापसाच्या गंज्या. माझ्याकडे नवमीची एकच सकाळ उरली होती. त्या दिवशी उतरलो नाही तर सहा महिन्यांनी मी फळीला हातही लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांचं असंच सुटतं. कोणी ठरवून थोडंच सोडतं?

नवमीला उजाडताच उठलो, तर दारामागे फळी नाही! शोधत देव्हाऱ्यापाशी गेलो. खंडेनवमीला आम्ही दुकानातली हत्यारं धुऊन पुजायला मांडतो. पकडी, पाने, वायंडिंगचं मशीन, आईची कात्री. त्या सगळ्यांच्या मधोमध माझी फळी, हळदकुंकू लावलेली, चारही चाकांवर झेंडू.

"बाबा, हे काऊन केलं?"

"पूजेत ठेवलं हाये. आज हत्याराले हात लावत नसतेत." बाबा तोंड वळवून उदबत्ती लावत होते. म्हाताऱ्यानं बरोब्बर डाव टाकला होता. अठरा वर्षं ज्याला खेळणं म्हणून हिणवलं, तेच आज हत्यार झालं, का तर मला थांबवायचं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण पूजेतली वस्तू उचलायची हिंमत काही झाली नाही.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. आमच्याकडे नेम आहे, पुजलेलं हत्यार त्या दिवशी एकदा तरी चालवायचंच, नाहीतर ते रुसतं. बाबांनी मशीनला एक वेढा दिला. आईनं कात्रीनं चिंधी कापली. पाने फिरवून झाले. पाटावर फळी तेवढी उरली.

बाबा फळीकडे बघत राहिले. नेम मोडणं त्यांच्या रक्तात नाही, आणि हे त्यांना आदल्या दिवशी सुचलंच नव्हतं. आई पदराआड हसायला लागली.

"चालव," बाबा म्हणाले. "एक चक्कर."

"कुठं? जिनिंगात तं आज काट्याची पूजा हाये."

"समोर रोड नाई काय?"

आमची गल्ली मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत उतरती आहे. आणि दसऱ्याची सकाळ, म्हणजे अख्खी गल्ली बाहेर, आपापल्या गाड्या धुण्यात. जिनिंगचा उतार परवडला असता. देवळापाशी जाऊन फळीवर एक पाय ठेवला. पडण्याला मी भीतच होतो, पण त्याहून जास्त या लोकांना भीत होतो, हे तेव्हा कळलं. अठरा वर्षं लपून चालवत होतो की काय मी? मग आईशप्पथ ठरवलं, दात पडले तरी चालतील, पण आज खाली उतरणार.

पाय मारला. फळी सुटली.

"अवं माय! येवढा मोठा मानूस अन् हे काय करून राह्यला?" गाडी धुवायचा पाईप हातात धरून शेजारच्या काकू ओरडल्या.

घरासमोरून बाबांचा आवाज आला, "हत्यार हाये त्याचं! तो पाईप बाजूले घ्या आधी, वल्ल्यावर घसरन तो!"

मी दारापर्यंत उभाच्या उभा आलो. एक चक्कर झाली होती. फळी काखेत मारून पुन्हा देवळाकडे निघालो, आणि बाबांनी मला अडवलं नाही. ते काकूंचा पाईप स्वतःच्या हातात घेऊन, रस्ता कोरडा राहील असा धरून उभे होते.