उत्तरापुरती जागा

"परत घेऊ," असं म्हणून ती हवेत बोट गोल फिरवायची. त्यावर माझं ठरलेलं, "अगं बाई, आता कितव्यांदा?" ती हसायची आणि टेपरेकॉर्डरची कळ पुन्हा दाबायची.

मी तेव्हा पाचूबंदराजवळच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. डी.एड.च्या मुली सराव पाठ घ्यायला माझ्या वर्गात येत. कुणी तक्ते आणी, कुणी पुठ्ठ्याची झाडं. ही बोळिंजहून यायची ती टेप खांद्याला अडकवून. सोसायटीत राहणारी, वडील मुंबईला नोकरीला. मला वाटलं, झालं! आमच्या फळ्याला काळा रंग लागत नाही आणि हिला यंत्रानं शिकवायचंय. मनात ठेवायची मला सवय नाही, तोंडावर म्हटलं, "पोरी, देवानं तोंड दिलंय ना? मग हे डबडं कशाला?"

"तोंड आहे हो बाई," ती म्हणाली, "आवाजाचं काही सांगता येत नाही."

मग सगळं कळलं. गळ्यात गाठ होती. ऑपरेशन दिवाळीनंतर. आवाजाची नस गाठीला अगदी लागून आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आवाज बसेल; परत आला तर आला, नाही तर नाही. आणि शिक्षिका म्हणून पास-नापास ठरवणारा वार्षिक पाठ ऑपरेशननंतरच होता. घरचे म्हणत होते, नाद सोड, बँकेच्या परीक्षा दे. हिचं एकच, "शिक्षिकाच व्हायचंय. आवाज आहे तोवर भरून ठेवते."

त्या दिवसापासून मी त्याला डबडं म्हटलं नाही.

शाळा सुटली की ती माझ्या वर्गात बसून पहिलीचे धडे कॅसेटवर भरायची. घरी म्हणे कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचा टीव्ही. आमच्याकडे तरी कुठली शांतता! हिनं तोंड उघडलं की बंदरावर एखादी होडी फटफट सुरू व्हायची. ती थांबली की चर्चची घंटा. एकदा बाहेर दोघी बायांची मासळीच्या वाट्यावरून जुंपली, आणि "ससा गवत खातो" या वाक्याच्या शेपटीला अशी एक शिवी भरली गेली की आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तेही परत घेतलं, हे सांगायला नको.

पहिली कॅसेट तयार झाल्यावर तिनं ती वर्गात लावून पाहिली. टेपमधून तिचा आवाज आला, "सांगा बरं, सशाचं घर कुठलं?" भराभर हात वर झाले. पोरं टेपसमोर हात नाचवताहेत, "बाई मी, बाई मी!" आणि टेप आपली पुढच्या प्रश्नावर. शेवटी एक पोरगी चिडून उभी राहिली. "ही बाई आयकतच नाय! नुसती बोलते!"

मला हसू फुटलं. तिनं मात्र टेप बंद केली. संध्याकाळी म्हणाली, "खरंच बोलली हो ती. मी उत्तराला जागाच ठेवली नाही."

आणि तिनं सगळे धडे पहिल्यापासून भरायला घेतले. आता प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. टेप फिरतेय, ती रिकाम्या बाकांकडे बघतेय, एकेका पोराची आठवण करून मान डोलावतेय. माझा जीव उतावीळ. मी खुणेनं म्हणायची, "बस की आता!" ती हातानं मला थोपवायची. नंतर सांगायची, "रोझी विचार करत होती."

रोझी म्हणजे माझ्या वर्गातली एका कोळ्याची लेक. मुकी नव्हती, मठ्ठही नव्हती. पण तिच्या तोंडातून शब्द निघेपर्यंत दुसऱ्याचा पाढा म्हणून व्हायचा.

ऑपरेशन झालं. ती परत आली ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून. "बाई, कशा आहात?" म्हणाली, आणि ते कळायला मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. मी वळून फळा पुसत राहिले. रडू येत होतं, दुसरं काय?

वार्षिक पाठाला परीक्षक आले. कडक गृहस्थ. मागच्या बाकावर बसून त्यांनी पेन उघडलं. पाठ होता 'प्राण्यांची घरं'. टेप तिच्या जुन्या, खणखणीत आवाजात विचारत होती, मुलं उत्तरं देत होती, आणि ती बोटानं चित्रं दाखवत बाकांमधून फिरत होती. टेपनं विचारलं, "माशाचं घर कुठलं?" तिनं रोझीकडे हात केला.

रोझी उभी राहिली. गप्प. टेपवर ठेवलेली जागा संपत आली, तशी हिनं कळ दाबून टेप थांबवली. वर्ग थांबला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी मनात म्हणत होते, अगं, दुसऱ्याला विचार, पाठ बुडेल!

"कुठला मासा?" शेवटी रोझी म्हणाली. "निवटी चिखलात र्‍हाते. बोंबील पान्यात. तुमाला कुठला पायजे?"

आता आली का पंचाईत! टेपवर पुढचं वाक्य होतं, "बरोबर! माशाचं घर पाणी." ते वाजवलं असतं तर रोझी खोटी पडली असती. हिचा हात कळेवर होता. हिनं तो काढून घेतला आणि वर्गासमोर, त्या फाटक्या आवाजात, स्वतः बोलली, "शाब्बास, रोझी. आणखी कुठला मासा कुठं राहतो?"

मुलं ऐकण्यासाठी बाकांवरून पुढे वाकली. एवढ्या शांततेत ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मग काय विचारता! खेकडे, कोळंब्या, शिंपल्या, सगळं बंदर वर्गात आलं. घंटा झाली तेव्हा पाठ अर्ध्यावरच होता.

"पाठ अपूर्ण राहिला," परीक्षक जाताना मला म्हणाले. "आवाजाला गुण कुठून देऊ?"

"नका देऊ," मी फटकन म्हटलं. "पण पोरं ऐकत होती की नाही, ते सांगा."

त्यांनी पेन बंद करून खिशाला लावलं. पास मात्र केलं, अगदी काठावर.

पुढे तिला जव्हारकडच्या एका पाड्यावर नोकरी लागली. त्यानंतर आमची भेट नाही. माझ्या ओळखीचे एक गुरुजी कामानिमित्त तिच्या शाळेवर गेले होते, त्यांनी सांगितलं. दार उघडं, पण आत चिटपाखराचाही आवाज नाही. पोरं सोडून दिली वाटतं, म्हणून ते मागे फिरणार, तेवढ्यात सहज डोकावले. वर्ग गच्च भरलेला. गोष्ट सांगून झालेली टेप टेबलावर बंद होती, आणि ही फळ्याजवळ उभी राहून हळूच काहीतरी विचारत होती. एक पोरगा उठला आणि त्यानंही हळूच, कुजबुजत उत्तर दिलं. मग दुसरी उठली, तीही तशीच. सगळा वर्ग कुजबुजत होता. पहिलीची पोरं ती. त्यांना वाटत होतं, शाळेत असंच बोलायचं असतं.