बाकावरचा हात

मला दोन सुना, असं माझे सासरे नव्या माणसाला सांगत. धाकटी मी. थोरली म्हणजे त्यांची मोटरबोट, माझ्याआधी घरात आलेली. सायकलदुरुस्तीच्या दुकानात हात काळे करून त्यांनी ती जुनीपानी बोट घेतली, स्वतः ठाकठीक केली आणि दर सुट्टीला घरच्यांना पाण्यावर नेलं. पुढे हृदयाचं दुखणं निघालं, सासूबाईंनी हट्ट धरला आणि थोरली एका चष्मेवाल्या दुकानदाराला विकली गेली.

तेव्हापासून दर रविवारी सासरे आणि मी जेटीवरच्या बाकावर बसायचो. ते म्हणत, हवा खायला. मला ठाऊक होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांना तिला स्वतःच्या हातानं जेटीला लावायची होती.

"मग मागा ना, बाबा."

"दिल्या घरची झाली ती. आपण होऊन कसं मागायचं? बोलावलं तर बघू."

थोरलीची एक खोड होती. रिव्हर्स टाकला की तिची मागची बाजू डावीकडे सरकायची. म्हणून जेटी डाव्या हाताला ठेवून तिरकं, हळू यायचं, न्यूट्रल करायचं, शेवटी जरासा रिव्हर्स. मग ती आपणहून कडेला टेकायची. सुरुवातीला चष्मेवाला तिला दाणकन आपटायचा. सासरे डोळे मिटून घ्यायचे. हळूहळू मात्र तो नीट लावू लागला.

"छान जमतंय हो!" मी एकदा म्हटलं.

"मला कुठलं जमतंय, वहिनी! काकांचा हात बघतो आणि तसं करतो."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. थोरली जवळ आली की सासऱ्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठायचा, हवेतच स्टिअरिंग फिरवायचा, न्यूट्रलच्या वेळी तळवा उघडायचा, रिव्हर्सच्या वेळी मूठ मागे ओढायचा. त्यांना स्वतःलाही याचा पत्ता नव्हता.

घरी जाताना मी त्यांना ते सांगितलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी हात खिशात ठेवा. अडलं की बोलावेल झक मारत."

"लबाड आहेस," ते म्हणाले, पण हसले.

पुढच्या रविवारी वारा जोराचा होता. हात खिशात. मी देवाकडे कधी कुणाचं वाईट मागितलं नाही. त्या दिवशी मनात म्हटलं, देवा, जरा अडू दे रे त्याला. मोठं काही नको.

थोरली आली. चष्मेवाल्यानं बाकाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. वाऱ्यानं बोट बाजूला गेली. तो वळसा घेऊन परत आला, या खेपेला भलत्याच वेगात. टोक थेट जेटीच्या खांबावर. बास, आता बोलावणार.

आणि खिशातला हात बाहेर आला. तळवा उघडला. मग मूठ मागे ओढली गेली. थोरली हलकेच कडेला टेकली.

"काय हो, बाबा!"

"लागलं असतं गं तिला."

चष्मेवाल्यानं दोर बांधला, लांबूनच हात हलवला आणि निघून गेला. सासरे बराच वेळ उठले नाहीत. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता.

"पुढच्या रविवारी घट्ट ठेवीन खिशात," ते म्हणाले.

"हो, बाबा."