पोत्याचे सहाशे ग्रॅम

"शेहेचाळीस किलो चारशे," टेबलामागच्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं म्हणजे वहीत नाव चढणार नाही.

नाझनीन काट्यावरून उतरली, पुन्हा चढली. आकडा तोच आला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे पाहिलं, जणू त्यानेच आगाऊपणा केला होता.

तालुक्याच्या शालेय कुस्ती स्पर्धा कर्जतला होत्या. मी नेरळजवळच्या एका शाळेत खेळाची बाई. सत्तावीस वर्षं नोकरी झाली आहे. कबड्डी, खो-खो, लेझीम सगळं शिकवलं, पण जीव रमला तो कुस्तीत. आमच्याकडे मॅट नाही. पेंढा पसरतो, त्यावर जुनी सतरंजी, वर ताडपत्री. तेवढ्यावर दोन मुली तयार झाल्या होत्या, नाझनीन आणि मंजुळा.

आधी वजनगटाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेच्या कुस्तीत मुली वजनाप्रमाणे लढतात. शेहेचाळीसचा गट म्हणजे शेहेचाळीस किलोपर्यंत. एक ग्रॅम वर गेलात की तुम्ही पुढच्या गटातल्या, एकोणपन्नासच्या. कपड्यांची सूट नाही. वजन घ्यायला एक तास असतो आणि त्या तासात काट्यावर कितीही वेळा चढता येतं. शाळेला मात्र एका गटात एकच मुलगी उतरवता येते. आमच्या एकोणपन्नासात मंजुळा होती. त्यामुळे नाझनीन शेहेचाळीसात बसली नाही तर तिने घरी जायचं.

आणि तिला घरी पाठवणं सोपं नव्हतं. सतरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. तिचे वडील इक्बालभाई माथेरानच्या हॉटेलांचा माल टेंपोने दस्तुरीपर्यंत, म्हणजे वर गाड्या थांबतात त्या नाक्यापर्यंत, पोचवतात. माणूस मोकळा, पण मुलीने कुस्ती खेळावी हे त्यांना पचत नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्या घरी चहा पिऊन पिऊन विषय काढत होते. शेवटी ते म्हणाले, एकदा डोळ्यांनी बघतो, मग पुढचं ठरवतो. त्या दिवशी ते स्वतः आम्हाला टेंपोतून घेऊन आले होते आणि हॉलमध्ये पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. लेक काट्यावरच अडकली आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता.

"बाई, काल गिरणीत पंचेचाळीस आठशे आलं होतं," नाझनीन म्हणाली.

गिरणी म्हणजे आमच्या शाळेमागची दत्तूशेठची भातगिरणी. शाळेतला काटा मुलांनी उड्या मारून मारून केव्हाच निकामी केला होता. म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी मी मुलींना गिरणीत नेऊन भात मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं करत होते. अंगात स्पर्धेचाच ड्रेस, म्हणजे कपड्यांचा घोळ नको. वहीत तारीखवार आकडे लिहिले होते. इतकी नीट वही मी बी.पी.एड.लासुद्धा ठेवली नव्हती.

वही मॅडमच्या पुढ्यात ठेवली आणि तुमच्या काट्यात गडबड आहे, असं मी ठासून सांगितलं. त्या शांत बाई होत्या. त्यांनी काट्यावरचा तपासणीचा शिक्का दाखवला. मी तरी ऐकेना. मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच उभ्या राहून बघा ना."

रांगेतल्या पंधरा-वीस मुलींसमोर मी काट्यावर चढले. सदुसष्ट दोनशे. आता खरं सांगायचं तर मुलींबरोबर मीही गिरणीत वजन करत होते आणि गेल्या आठवड्यात सहासष्ट सहाशे भरले होते. महिन्याभरात वजन उतरलं म्हणून मी घरी मिरवलंही होतं. इथे बरोबर सहाशे ग्रॅम जास्त. नाझनीनचाही फरक सहाशेच.

बाहेर येऊन दत्तूशेठला फोन लावला. मागे गिरणी घरघरत होती.

"तुमचा काटा बरोबर आहे ना?"

"एकदम. ग्रॅमचा फरक नाय."

"मग मुलींची वजनं सहाशे ग्रॅम कमी कशी येतात?"

"बाई, त्यात पोतं वजा हाय. सकाळी रिकामं पोतं टाकतो नि मशीन शून्य करतो मी. शेतकऱ्याला निव्वळ भात कळाय नको?"

"अहो, पण मुली काय पोत्यात बसून येतात?"

"ते मला काय म्हाईत? तुमी कधी बोल्ल्या नाय, पोतं काढा म्हणून."

मी फोन ठेवला. काटा रिकामा असताना आकड्याच्या आधी एक आडवी रेघ दिसायची. ती मी महिनाभर पाहिली होती. मला वाटलं, स्क्रीन खराब आहे. ते उणेचं चिन्ह होतं! मराठी शाळेतल्या चौथीच्या पोराला कळलं असतं.

आत आले तेव्हा वजनाच्या तासातली पंचवीस मिनिटं उरली होती. नाझनीन म्हणाली, मी पळते, जॅकेट घालून पळते, चारशे ग्रॅम काय. मी नाही म्हटलं. पूर्वी एकदा मी एका मुलीला रेनकोट घालून पळवलं होतं. वजन उतरलं, आणि पहिल्याच कुस्तीत ती मॅटवर भोवळ येऊन पडली. तिच्या आईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या शाळेची मुलगी घाम गाळून काट्यावर चढत नाही.

एवढ्यात एकोणपन्नासची रांग सुरू झाली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पोतं एकट्या नाझनीनचं वजा झालं नव्हतं, सगळ्यांचं झालं होतं. मंजुळा गिरणीत अठ्ठेचाळीस सातशे होती. म्हणजे खरी एकोणपन्नास तीनशे. तीही गटाच्या वर! ती जर त्रेपन्नासात गेली, तर एकोणपन्नासची जागा मोकळी आणि तिथे नाझनीन. त्रेपन्नासात आमचं कुणीच नव्हतं.

कागदावर झकास जमत होतं. पण मंजुळाचे तीनशेच ग्रॅम जास्त होत होते. जरा जोरात पळाली, दोनदा थुंकली तरी उतरले असते. एकोणपन्नासात तिला तोड नव्हती, शाळेचं पदक नक्की होतं. त्रेपन्नासात मात्र गेल्या वर्षीची विजेती होती, चांगली दणकट. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं माझं मन त्या पदकापाशी घुटमळत राहिलं. आत्ता सांगितलेला माझा नियमही मला थोडा धूसर दिसायला लागला.

शेवटी दोघींना बाजूला घेतलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. चूक माझी आहे हेही सांगितलं.

नाझनीनच आधी बोलली. "मंजू, तू पळ गं. मी अब्बांना सांगते, पुढं बघू."

मंजुळा माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली. बोलते कमी. आईबरोबर डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणते, रानभाज्या विकते, आणि उरलेल्या वेळात आमच्या ताडपत्रीवर पोरींना आपटते. तिने बुटाच्या नाड्या करकचून बांधल्या.

"मी नाय पळत," ती म्हणाली. "माझी मोळी पंचवीस किलोची असते, बाई. तीन-चार किलोला काय भ्यायचं?" मग नाझनीनकडे वळून म्हणाली, "नि तू घरी गेलीस तर उद्यापासून मी लढू कुणाशी गं?"

मला रडू आलं. पण वेळ नव्हता.

गट बदलायचा तर तास संपायच्या आत शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा लागतो. आम्ही खेळाचे शिक्षक हेडसरांच्या सहीची दोन कोरी लेटरहेड कायम बॅगेत ठेवतो. हे बरोबर नाही, पण याशिवाय कुठलीही स्पर्धा पार पडत नाही. भिंतीवर कागद टेकवून अर्ज लिहिला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि कारण विचारलं. मी पोत्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होत्या. मग मंजुळाला काट्यावर घेतलं, एकोणपन्नास तीनशेच भरली, आणि त्यांनी पेन उचललं. तास संपायला सहा मिनिटं होती.

त्यानंतर दोघींनी उकडलेली अंडी आणि भाकरी अशी हाणली की बघतच राहावं.

नाझनीनने दोन कुस्त्या मारल्या आणि फायनलला पोचली. फायनल मात्र एका गुणाने हरली. शेवटच्या दहा सेकंदांत समोरचीने तिला वर्तुळाबाहेर ढकललं, तेवढाच गुण. मंजुळाची फायनल त्या दणकट विजेतीशी झाली. पहिल्या फेरीत मंजुळा मागे होती. दुसरीत तिने खाली वाकून समोरचीच्या पायांना मिठी घातली, मोळी डोक्यावर घ्यायला वाकतात ना तशीच, आणि तिला उचलून पाठीवर टाकलं. दोन्ही खांदे मॅटला टेकले की चितपट, कुस्ती तिथेच संपते. ती संपली. पंचांची शिट्टी वाजायच्या आधी नाझनीन मॅटवर धावली आणि आम्हाला ताकीद मिळाली.

जिल्ह्याला फक्त पहिली जाते, म्हणजे मंजुळा. नाझनीन पदक गळ्यात घालून वडिलांपुढे उभी राहिली. हरलेली, केस विस्कटलेले, कोपर सोललेलं. मी शेजारी उभी, काय ऐकावं लागतंय म्हणून. इक्बालभाईंनी खिशातून रुमाल काढला. मग तो तिच्या कोपरावर बांधत त्यांनी मला विचारलं,

"बाई, पुढच्या वर्षी मोठ्या मुलींत हिला किती किलोत उतरवायची? तसं घरी जेवण वाढाय सांगतो."

परतीच्या वाटेवर टेंपोत आम्ही तिघी मागे बसून गात होतो आणि पुढे इक्बालभाई हॉर्नवर ठेका धरत होते. मंजुळाला जिल्ह्याला आपणच सोडणार, हेही त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं.

या सगळ्यातून मी एकच शिकले. दुसऱ्याच्या काट्यावर उभं राहण्याआधी तो रिकामा असताना काय दाखवतो ते बघावं. दत्तूशेठने आता काट्याच्या वर खडूने लिहून ठेवलं आहे, 'कुस्तीच्या पोरींना पोतं नाही.' खाली बारीक अक्षरात 'बाईंना पण नाही' असंही आहे. ते पुसा म्हणून मी त्यांना तीनदा सांगितलं.